तापीच्या दरडीतला शिंपला नेमका किती जुना?

या वेळी जीवाश्मांबद्दलची तीन पत्रं घेतलीयत. पहिल्या पत्रालाच निम्म्याहून जास्त जागा गेली आणि ती मी मुद्दाम जाऊ दिली, कारण ताईंनी शिंपला उचलण्याआधी जे केलंय ते दहातले नऊ जण करत नाहीत, आणि त्यामुळेच मला उत्तर देता आलं.

प्रश्न : सर नमस्कार. मी चोपडा तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. उन्हाळ्यात तापीचं पाणी उतरलं की मी आणि माझा पुतण्या रविवारी सकाळी नदीकाठाला जातो, अकीक, गारगोट्या, रंगीत गोटे असं काय काय गोळा करतो, घरात आता चार बरण्या भरल्यात. मागच्या रविवारी पुतण्याला दरडीत एक शिंपला दिसला, म्हणजे खाली वाळूत पडलेला नाही तर उभ्या दरडीत रुतलेला. वरून साधारण बारा फूट खाली, पिवळ्या मातीच्या थराखाली गोट्यांचा आणि चुनखडीच्या खड्यांचा एक थर आहे, सिमेंट ओतल्यासारखा घट्ट, त्यात होता. मी आधी तसाच फोटो काढला मग चावीने हळूहळू मोकळा केला. दोन्ही झाकणं बंद आहेत, आत माती दगडासारखी घट्ट बसलीय, बाहेरून पांढरा खडूसारखा, हाताला पावडर लागते. दहा रुपयांचं नाणं शेजारी ठेवून फोटो पाठवतेय. घरी आबांना दाखवला तर ते म्हणाले "हाई ते नदीनं शिंपलं शे, त्यामा काय इतकं?" आणि मोबाईलवर फोटो टाकून शोधलं तर समुद्रातल्या कालवाचा कोट्यवधी वर्षं जुना जीवाश्म असं आलं. पुतण्याने तर वर्गात सांगून टाकलं की खानदेशात समुद्र होता. खरं काय? आणि हा जीवाश्म म्हणायचा का नाही? – एक शिक्षिका, चोपडा तालुका

उत्तर : ताई, आधी आबांना माझा नमस्कार सांगा, कारण शिंपला नदीचाच आहे. पण "त्यामा काय इतकं" याला मात्र माझं उत्तर मोठं आहे, त्यात खूप काय काय आहे.

कालव नाही हे कशावरून ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हालाच ओळखता येईल. समुद्रातलं कालव खडकाला चिकटून वाढतं, त्यामुळे त्याची दोन झाकणं सारखी नसतात, एक खोलगट आणि दुसरं चपटं, आकारही वेडावाकडा, ज्या दगडाला चिकटलं त्याच्या अंगाने वाढलेला. तुमच्या शिंपल्याचा तिसरा फोटो बघा, बिजागरीच्या बाजूने काढलेला, दोन्ही झाकणं अगदी आरशात बघितल्यासारखी सारखी आहेत. म्हणजे हा चिकटून बसणारा नाही, वाळूत अर्धा रुतून राहणारा प्राणी आहे. मग वरची शेंडी बघा, म्हणजे बिजागरीजवळचा फुगीर भाग, जिथून शिंपला लहानपणी वाढायला सुरुवात झाली. तिथे फोटो झूम केला तर नागमोडी रेघा दिसतात, दोन-तीन, इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारख्या. पहिल्या दोन फोटोंत त्या दिसतच नव्हत्या, तिसऱ्यात ऊन तिरपं पडलंय म्हणून दिसल्या, नाहीतर माझंही लक्ष गेलं नसतं. शेंडीवरच्या या नागमोडी रेघा आणि आखूड, जाड, फुगीर आकार असं दोन्ही मिळून आपल्याकडच्या गोड्या पाण्यात एकाच गटाकडे बोट दाखवतं, पॅरेसिया. तापीत, गिरणेत, तलावात जे लांबट, पातळ, तळहाताएवढे काळपट शिंपले मिळतात ते लॅमेलिडेन्स, ते वेगळे. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यावरून तुमचा शिंपला साधारण ४५ ते ४८ मिलिमीटर निघतो, तेही पॅरेसियाला जुळतं. नेमकी जात मी फोटोवरून सांगणार नाही, त्यासाठी आतले बिजागरीचे दात बघावे लागतात आणि ते बघायला शिंपला उघडावा लागेल, तो उघडू नका असं मी हात जोडून सांगतो, का ते पुढे येतंच.

आता जीवाश्म म्हणायचा का. लोकांना वाटतं की जीवाश्म म्हणजे दगड झालेला, दगड नसेल तर जीवाश्म नाही. तसं नाहीये. कवच मूळचंच राहिलं, नुसतं भुसभुशीत झालं तरी ते जीवाश्म असू शकतं, प्रश्न वयाचा आणि ते कशात गाडलं गेलं याचा असतो. साधारण दहा हजार वर्षांच्या अलीकडचं असेल तर अर्ध-जीवाश्म म्हणायची पद्धत आहे. ताजा शिंपला कसा ओळखायचा ते सोपं आहे. जिवंत शिंपल्याला बाहेरून हिरवट-तपकिरी साल असते, ती वाळली की पापुद्रे सुटतात. बिजागरीच्या मागे एक तपकिरी चिवट पट्टी असते, रबरासारखी, ती झाकणं उघडायला ताण देते. आत मोत्यासारखी चकाकी असते. तुमच्याकडे साल नाही, पट्टी नाही, आणि कडेला जिथे टवका उडालाय तिथे चकाकी फक्त एका धाग्याएवढी उरलीय, बाकी सगळं खडू. हे एका-दोन पावसाळ्यात होत नाही. पण एवढ्यावरून वय ठरत नाही, कारण उन्हात पडलेला शिंपला दहा-वीस वर्षांतही पांढरा होतो, आणि नदीकाठी फिरणारे लोक इथेच फसतात.

म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की तुम्ही दरडीत असतानाच फोटो काढला हे सगळ्यात मोठं काम झालं. त्या पहिल्या फोटोवर मी पाऊण तास बसलो होतो. शिंपला वाळूत रुतून राहतो हे खरं, पण रुततो किती, चार बोटं, फार तर वीतभर. सिमेंटसारख्या घट्ट थरात तो आजच्या काळात घुसूच शकत नाही. म्हणजे गोटे आणि वाळू सुटी होती तेव्हाच तो त्यात आला, मग वर बारा फूट गाळ साचला, मग जमिनीतलं पाणी मुरत मुरत चुना आणत राहिलं आणि तो चुना गोट्यांमध्ये बसून सगळं जखडलं गेलं. आपल्याकडे विहीर खोदताना हे चुनखडीचे खडे सगळ्यांनी बघितलेले असतात, पण ते तयार व्हायला किती वेळ लागतो हे लक्षात घेतलं की त्या थराकडे बघायची नजर बदलते. आणि तुमच्या शिंपल्याच्या आतही तोच चुन्याने बांधलेला भरड गाळ आहे, बाहेरच्या थरासारखाच. हा पुरावा मला शिंपल्यापेक्षा मोठा वाटतो. शिंपला नंतर कोणी टाकलेला नाही, थराबरोबरचाच आहे.

तापीचा हा गाळ म्हणजे आपल्या केळी-कापसाच्या जमिनीच्या खालची पिवळी माती आणि गोट्यांचे थर, हिमयुगाच्या काळापासून साचत आलेला आहे. म्हणजे वय हजारांत मोजायचं, कोटींत नाही. काही हजार का काही दहा हजार वर्षं, ते डोळ्यांनी कळत नाही. कार्बन पद्धतीने मोजता येतं, त्याने साधारण पन्नास हजार वर्षांपर्यंत मागे जाता येतं, लखनौला आणि अहमदाबादला अशा प्रयोगशाळा आहेत. पण शिंपल्याच्या बाबतीत एक अडचण येते ती सांगून ठेवतो. शिंपला कवच बनवताना पाण्यातला चुना घेतो, आणि आपल्या नदीच्या पाण्यात जमिनीतल्या जुन्या चुनखडीचा चुना विरघळलेला असतो, त्यातला कार्बन आधीच म्हातारा असतो. मग शिंपला खऱ्या वयापेक्षा जास्त जुना दाखवतो. म्हणून नुसतं एका शिंपल्याचं वय कोणी सांगितलं तर त्याच थरातला कोळसा किंवा दुसरं काही मोजलंय का हे जरूर विचारा.

आणि मी उघडू नका का म्हटलं. शिंपला मेला की ती रबरासारखी पट्टी झाकणं आपोआप उघडते, दोन-चार दिवसांत झाकणं सुटी होतात आणि पाणी त्यांना वेगवेगळं वाहून नेतं. नदीकाठी तुम्हाला हजार शिंपले मिळतील, बहुतेक एकेकच झाकण. दोन्ही झाकणं मिटलेली, जोडीने, याचा अर्थ हा प्राणी जिवंत असतानाच गाडला गेला किंवा मरताच गाडला गेला. बहुतेक पुरात. तापीचा पूर काय चीज आहे ते आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना सांगायला नको, १९६८ सालच्या पुराची आठवण अजून लोक काढतात. तसाच कधीतरी एक पूर आला, वाळू-गोट्यांचा लोंढा या शिंपल्यावर येऊन पडला आणि त्याला झाकण उघडून वर यायला वेळच मिळाला नाही. तुमच्या हातात त्या एका दिवसाची खूण आहे. मला हे लिहितानासुद्धा अंगावर काटा येतो.

अजून एक गोष्ट सांगतो जी वर्गात सांगायला उपयोगी पडेल. या शिंपल्यांची पिल्लं जन्मल्यावर माशांच्या कल्ल्यांना चिकटून राहतात, काही दिवस माशाच्या अंगावरच वाढतात आणि मग गळून वाळूत पडतात. मासा नाही तर शिंपला नाही. म्हणजे तुमचा शिंपला सापडला याचाच अर्थ त्या वेळी तिथे बाराही महिने पाणी टिकत होतं, मासे होते, तळ वाळूचा होता. एका शिंपल्यावरून एवढं कळतं. मुलांना "जीवाश्म किती जुना" यापेक्षा हे जास्त आवडतं असा माझा अनुभव आहे.

आता पुतण्याच्या समुद्राबद्दल. त्याला अगदी खोटं ठरवू नका, फक्त जागा चुकली आणि काळ चुकला. सातपुड्याच्या पलीकडे, नर्मदेच्या खोऱ्यात, पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा खरोखर आत आला होता, साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी. आपल्याकडून शिरपूर, सेंधवा, बडवानी असं करत कुक्षीकडे गेलं की बाग म्हणून गाव लागतं, लेण्यांसाठी प्रसिद्ध आहे, त्या गावाच्या नावानेच त्या खडकांना बागचे थर म्हणतात. तिथे खरी समुद्री कालवं मिळतात, समुद्री साळू म्हणजे काट्यांचे गोल प्राणी, आणि अमोनाइट, ज्याला आपण देवघरात शाळिग्राम म्हणून ओळखतो त्याच जातकुळीतले, फक्त शाळिग्राम गंडकी नदीतून येतात. मग पुढे साडेसहा कोटी वर्षांच्या सुमाराला लाव्हा आला आणि सगळं झाकून टाकलं, आपला काळा दगड म्हणजे तोच. काळ्या दगडात शिंपला मिळत नाही कारण तो वितळलेला रस होता. आणि बागचे थर नर्मदेच्या बाजूला, आपण सातपुड्याच्या दक्षिणेला, पाणलोटच वेगळा, म्हणजे तिथला शिंपला वाहून तापीत येऊ शकत नाही. अनेर, अरुणावती, गोमाई या नद्या आपल्याच बाजूचा काळा दगड खोदून आणतात. म्हणून तापीकाठी कोणाला खरंच समुद्री शिंपला मिळाला तर आधी माणसाचा संशय घ्यायचा. आपल्या प्रत्येक जुन्या गावाजवळ पांढरीची माती असते ना, तिथे शंखाचे तुकडे, बांगडीचे तुकडे मिळतात, ते व्यापारातून आलेले, माणसाने आणलेले. तिथे शिंपले ढिगाने, सुटी झाकणं, सोबत राख आणि खापरं असतील तर तो कोणाच्या तरी जेवणाचा उकिरडा. तेही मौल्यवान आहे पण ते जीवाश्म नाही, आणि ते खोदायचं नाही, पुरातत्त्व विभागाला कळवायचं.

चाळीसगावजवळचं पाटणे आपल्या जिल्ह्यातच आहे, बऱ्याच जणांना ते पाटणादेवी आणि भास्कराचार्यांसाठी माहिती असतं. तिथे १९७० च्या दशकात पुरातत्त्व संशोधक साळी यांनी उत्खनन केलं तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघा कोरलेला तुकडा मिळाला, सुमारे पंचवीस हजार वर्षं जुना. म्हणजे शहामृग फिरत होतं आपल्या खानदेशात, आणि माणूस त्याच्या कवचाचे मणी करून घालत होता. हे मी का सांगतोय, तर नदीकाठी फिरताना तुम्हाला एखादा किंचित बाक असलेला, दोन मिलिमीटरभर जाड, पिवळट पांढरा तुकडा मिळाला ज्याला शिंपल्यासारख्या वाढीच्या रेघा नाहीत, बिजागरी नाही, आणि भिंगातून बघितलं तर बारीक छिद्रं दिसतात, तर तो शिंपल्याचा तुकडा समजून फेकू नका. जागेवरच ठेवून फोटो काढा आणि मला पाठवा.

शिंपला आता जपायचा कसा. धुवू नका, पाण्यात तर अजिबात टाकू नका, खडू झालेलं कवच पाण्यात सुटतं. सावलीत हळू वाळू द्या. रंगवायच्या मऊ ब्रशने नुसती सुटी माती काढा, आतला घट्ट गाळ तसाच राहू द्या. चमक यावी म्हणून खोबरेल किंवा व्हार्निश लावतात काही जण, ते करू नका, पुढे कोणाला त्यातून काही मोजायचं असेल तर सगळं बिघडतं. मिठाईच्या डब्यात कापूस घालून ठेवा आणि सोबत कागदाची चिठ्ठी : तारीख, गाव, नदीचा कोणता काठ, दरडीच्या वरच्या कडेपासून किती फूट, कोणता थर, कोणाला मिळाला. पुतण्याचं नाव घाला त्यात. लिंबाचा थेंब टाकून फेस येतो का बघायची पद्धत चांगली आहे, कवचावर फेस येतो, अकीक-गारगोटीवर येत नाही, पण चुनखडीच्या खड्यावरही येतो म्हणून फेस आला म्हणजे जीवाश्म असं होत नाही, आणि या नमुन्यावर तर करूच नका, एखाद्या सुट्या तुकड्यावर करून मुलांना दाखवा.

मी कॉलेजला असताना गिरणेच्या काठाने दोन उन्हाळे हिंडलो आणि बुटाचा खोका भरून शिंपले आणले, चाळीसेक असतील. सुंदर होते, त्यातले काही जोडीने मिटलेले. एकावरही चिठ्ठी नाही. तो खोका अजून माझ्याकडे आहे आणि त्यातला कोणता दरडीतला, कोणता नुसता वाळूवर पडलेला, हे मला आज सांगता येत नाही, त्याची खंत मला इतक्या वर्षांनीही आहे. तुमच्या पुतण्याला ती राहणार नाही.

एक विनंती, ती दरड कोसळायला आलेली असते उन्हाळ्याच्या शेवटी, वरून भेगा दिसत असतील तर खाली उभं राहून काही काढू नका. शिंपले परत मिळतील.

प्रश्न : सर, आमच्या धुळ्याजवळच्या खदानीत गोल गोल दगड निघतायत, नारळाएवढे, वरून पापुद्रे सुटतात. बागकडे डायनासोरची अंडी मिळाली ती बातमी वाचली होती, हीपण तीच का? काही जणांनी नेऊन घरी ठेवलीत. – एक वाचक, धुळे तालुका

उत्तर : नाही भाऊ, हा आपला काळा दगडच आहे, कांद्यासारखा सोललेला. लाव्हा थंड होताना त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात, त्याचे चौकोनी ठोकळे होतात, त्या भेगांमधून पाणी मुरतं. ठोकळ्याच्या कोपऱ्यावर तीन बाजूंनी पाणी लागतं, कडेवर दोन बाजूंनी आणि सपाट भागावर एकाच बाजूने, म्हणून कोपरे आधी कुजतात आणि ठोकळा गोल गोल होत जातो. एक फोडून बघा, पापुद्र्याच्या आत पापुद्रा, त्याच्या आत पापुद्रा आणि शेवटी मधे टणक काळा गोटा. अंड्याला एकच कवच असतं, तेही काही मिलिमीटरचं, आणि आत गोटा नसतो. लिंबाचा थेंब टाका, तुमच्या ताज्या फोडलेल्या दगडावर फेस येणार नाही, अंड्याचं कवच चुन्याचं असतं त्यावर येतो.

बातमी मात्र अगदी खरी आहे. धार जिल्ह्यात संशोधकांनी ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली, ते २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालं. त्याच जिल्ह्यात पाडल्या गावाकडचे लोक गोल दगड काकर भैरव म्हणून शेताच्या राखणीला पुजत होते, ते अंड्यांचे जीवाश्म निघाले. पण ती अंडी लाव्हाच्या खालच्या चुनखडीसारख्या थरात आहेत, लाव्हात नाहीत. तुमच्या खदानीत जे बघण्यासारखं आहे ते वेगळंच, दोन लाव्हांच्या मधे कधी कधी वीटभट्टीतल्या विटेसारखा तांबडा थर दिसतो, तो म्हणजे त्या काळची जमीन, वरून दुसरा लाव्हा येऊन भाजलेली. तो सापडला तर फोटो पाठवा.

प्रश्न : माझ्या वहिनींचं माहेर नागपूरचं. त्यांनी टाकळीकडून आणलेला एक राखाडी कडक दगड मला दिलाय, त्यात गोगलगाईसारखे शंख आहेत, दगडासारखेच टणक, नखाने काय सुरीनेसुद्धा ओरखडा येत नाही. हेही तापीच्या शिंपल्यासारखे अलीकडचे असतील का? – एक वाचक, जळगाव

उत्तर : हे अलीकडचे अजिबात नाहीत, हे त्या डायनासोरच्या काळाच्या अगदी शेवटाकडचे आहेत, आणि तुम्हाला वहिनींनी फार मोठी भेट दिलीय. लाव्हा एकदम एकाच दिवसात आलेला नाही, एक थर आला, थंड झाला, मधे हजारो वर्षं शांतता, त्यात खळग्यांत पाणी साचून तळी झाली, तळ्यात गोगलगायी, शैवाल, काठाला झाडं, मग परत लाव्हा. त्या तळ्यांचा गाळ गारगोटीसारख्या कडक दगडात बदललाय आणि शंखसुद्धा मूळ चुन्याचे न राहता तसेच गारगोटीचे झालेत, म्हणून सुरी चालत नाही आणि लिंबूही चालणार नाही. नागपूरचे हे जीवाश्म जगापुढे आणले स्टीफन हिस्लॉप यांनी, ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे, मिशनरी होते पण दगड-जीवाश्मांचा ध्यास घेतलेला माणूस, १८६० साली त्यांनी इथल्या शंखांवर लेख लिहिला आणि १८६३ साली नागपूरजवळच एका नाल्याच्या पुरात बुडून गेले. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

तुमचा फोटो थोडा हललाय, म्हणून ओळख तुम्हीच करा, सोपी आहे. शंखाचं टोक वर धरा, तोंड आपल्याकडे करा. तोंड उजव्या हाताला आलं तर उजवा शंख, बहुतेक सगळ्या गोगलगायी अशाच असतात. डाव्या हाताला आलं, टोक थोडं निमुळतं आणि शेवटचा वेढा बाकी सगळ्या वेढ्यांपेक्षा खूप फुगलेला असेल, तर ती फायसा, पुस्तकांत फायसा प्रिन्सेपी म्हणून आहे ती, आपल्या लाव्हाच्या मधल्या तळ्यांची सगळ्यात ओळखीची गोगलगाय. आजच्या डबक्यातली फायसा सेंटिमीटरभराची असते, त्या काळची कितीतरी मोठी, काही तर बोटाच्या दोन पेरांएवढ्या. दगडात शंख आडवातिडवा असतो म्हणून घाई करू नका, एक शंख पूर्ण दिसेल अशी बाजू शोधा, हवं तर खिडकीजवळ तिरप्या उजेडात धरा, चोपड्याच्या ताईंनाही तिरप्या उन्हानेच रेघा दिसल्या. आणि मोबाईलचा सेल्फी कॅमेरा वापरू नका, काही फोनमध्ये त्यात चित्र उलटं होतं आणि डावा शंख उजवा दिसतो, एका मुलाने असा फोटो पाठवला होता आणि मी आठवडाभर कोड्यात पडलो होतो.

वहिनींना विचारून घ्या की टाकळीत नेमका कुठे मिळाला, विहिरीच्या ढिगाऱ्यातून, नाल्यातून का घराच्या पायातून, आणि त्यांना आठवतंय तोवर ते कागदावर लिहून दगडाच्या मागच्या बाजूला चिकटवा.